रिव्ह्यूअर क्रमांक दोन

९ जानेवारी, गुरुवार

मंजूषाने नवीन वर्षाची भेट म्हणून ही वही दिली. "मनातल्या मनात भांडत बसतोस, त्यापेक्षा कागदावर भांड," म्हणाली. मी कुणाशी भांडतो? असो. कागद जाड आहे, वाया घालवायला नको.

डीमनच्या घरून हेगच्या कचेरीत पोचेपर्यंत सव्वा तास जातो, त्यातला अर्धा ईमेल वाचण्यात. आज एका जर्नलच्या संपादकांचं पत्र होतं. एक निबंध तपासून द्याल का? आमच्या धंद्यात हे काम फुकट आणि गुपचूप करायचं असतं. लेखक कोण हे तपासणाऱ्याला कळत नाही, तपासणारा कोण हे लेखकाला कळत नाही. अहवालावर नाव नसतं, 'रिव्ह्यूअर क्रमांक एक', 'रिव्ह्यूअर क्रमांक दोन' एवढंच. विषय होता, दहशतवादी घटनांचे डेटाबेस काय नोंदवत नाहीत. म्हणजे 'क्रिटिकल' मंडळींपैकी कुणीतरी.

या मंडळींचं म्हणणं असं, की दहशतवाद हा शब्द कुणाच्या हिंसेला चिकटवायचा आणि कुणाच्या नाही, हे सरकारं ठरवतात, आणि आमच्यासारखे अभ्यासक सरकारच्या मांडीवर बसून आकडे मोजतात. मी चौदा वर्षं आकडे मोजतोय. कुणाच्या मांडीवर बसल्याचं आठवत नाही. कचेरीतल्या खुर्चीने पाठ मात्र धरली आहे.

हो म्हणून कळवलं. आपल्यावर टीका करणाऱ्याचं आपणच मन लावून वाचायला हवं.

१२ जानेवारी, रविवार

तिसऱ्या पानावर कळलं. निबंध अमृताचा आहे.

अमृता खांबेटे. रॉटरडॅमला दोन-दोन वर्षांच्या करारांवर संशोधन करते. पाच वर्षांपूर्वी ती इथे आली तेव्हा खोली मिळेपर्यंत तीन आठवडे आमच्या सोफ्यावर झोपत होती. मला दादा म्हणते, मंजूषाला ताई. आमची शिवांगी आमच्याशी डचमध्ये बोलते, आणि अमृताशी मात्र मोडकंतोडकं मराठी.

नाव नव्हतं, पण वाक्य होतं. "डेटाबेसमध्ये माणूस आत जातो, बाहेर येत नाही." हेच वाक्य नोव्हेंबरमध्ये उट्रेख्टच्या वादसभेत तिने व्यासपीठावरून मला ऐकवलं होतं. दोनशे लोक हसले. मीही हसलो. ते मी केव्हाच विसरलो आहे.

लेखक ओळखीचा निघाला तर संपादकांना कळवून बाजूला व्हायचं, असा नियम आहे. पण मला लेखक माहीत नाही, मी फक्त अनुमान काढलं आहे. अनुमान म्हणजे माहिती नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवतो. आणि मी बाजूला झालो तर हा निबंध तिच्याच कंपूतल्या कुणाकडे जाणार. ते एकमेकांची पाठ थोपटण्यात पटाईत आहेत.

तिने उदाहरण म्हणून आमच्याच डेटाबेसमधली नोंद घेतली आहे. क्रमांक ४११७, भाजी मंडईबाहेरचा स्फोट, मृत सात. 'गुन्हेगार' या रकान्यात खानदेशातल्या एका मोबाइल दुरुस्त करणाऱ्याचं नाव आहे. इथे लिहीत नाही. डेटाबेसमध्ये ते २०११ साली मीच घातलं, अटकेच्या बातम्यांवरून. आमची पद्धतच तशी आहे. २०१७ साली तो पुराव्याअभावी सुटला. अमृताचं म्हणणं, नोंद तशीच राहिली, आणि त्याची नर्स झालेली मुलगी आखाती देशात नोकरीला लागणार होती, तिथल्या एजन्सीला पार्श्वभूमी तपासताना बापाचं नाव सापडलं आणि नोकरी गेली.

पुराव्याअभावी सुटणं म्हणजे निर्दोष असणं नव्हे. त्या सात मृतांपैकी एकाला मी ओळखत होतो. पण त्याचा इथे संबंध नाही.

१९ जानेवारी, रविवार

अहवाल लिहून झाला. चार पानं. इतक्या बारकाईने अहवाल मी आजवर कुणाच्या निबंधावर लिहिलेला नाही. एका उदाहरणावरून पद्धतीवर निष्कर्ष काढता येत नाही, मुलाखती मोजक्या आहेत, न्यायालयाचा निकाल हा इतिहास नसतो, वगैरे. शेवट चांगला साधला: "लेखकाला वेदना दिसते, पण करुणा ही पद्धत नव्हे." शिफारस: नाकारावा.

'मोठ्या दुरुस्त्यांसह पुन्हा पाठवावा' असाही पर्याय होता. त्यावर दोनदा खूण केली आणि दोनदा काढली. अर्धवट दया करण्यात अर्थ नसतो.

मंजूषा चहा घेऊन आली. म्हणाली, "कुणाशी चाललंय? जबडा आवळला आहेस."

"काम," म्हटलं.

२१ जानेवारी

पाठवला. हलकं वाटलं. शिवांगीला घेऊन पोफर्चेस, म्हणजे इथले पिठीसाखर घातलेले छोटे पॅनकेक, खायला गेलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अमृता जेवायला आली होती. भरली वांगी तिने केली, मंजूषाने भाकरी. शिवांगीच्या शाळेतल्या भानगडींची तिला आमच्यापेक्षा जास्त माहिती असते.

तिचा करार ३१ मेला संपतोय. उत्तरेकडच्या एका विद्यापीठात कायमची जागा निघाली आहे. पहिल्या यादीत ती आहे, पण मार्चअखेरपर्यंत या जर्नलचा होकार दाखवता आला तरच पुढे. नाहीतर इथे राहण्याच्या परमिटसाठी मिळेल ती नोकरी.

"दादा, एकदा वाचाल का?" तिने पिशवीतून कागद काढले. "तुम्हाला राग येईल, पण चुका तुम्हीच काढाल."

मी म्हटलं, "सध्या डोकं वर काढायला वेळ नाही गं."

तिने कागद परत ठेवले. तिला दुसरा कुणीतरी मिळेल वाचायला. माझ्या हातात आता काहीच नाही, आणि नियमाप्रमाणे मी बोलूही शकत नाही. मंजूषाने माझ्याकडे पाहिलं ते का, कळलं नाही.

११ मार्च, मंगळवार

संपादकांचा निर्णय आला, तपासणाऱ्यांनाही प्रत येते. नाकारला. पहिल्या रिव्ह्यूअरने दोन ओळी लिहिल्या होत्या: चांगला आहे, छापावा. माझी चार पानं. संपादकांनी लिहिलंय, "दुसऱ्या अहवालाच्या खोलीमुळे आम्हाला निर्णय घेणं सोपं गेलं."

दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. हेगला दुपारी गारा पडल्या, सायकल बाहेरच राहिली होती.

१६ मार्च, रविवार

आजचं जसं घडलं तसं लिहितो.

अमृता अकराच्या सुमारास आली. रडून आल्यासारखी नव्हती, उलट जरा जास्तच हसत होती. टेबलाशी बसली आणि फोनवरून अहवाल वाचून दाखवू लागली. माझा अहवाल, माझ्याच जेवणाच्या टेबलावर, माझ्याच कपातला चहा पीत.

"हा क्रमांक दोन आहे ना दादा, यानं प्रत्येक तळटीप उघडून बघितली आहे. पहिल्याने तर वाचलंच नसावं. निदान याने वाचलं तरी."

"मग अपील कर," मंजूषा म्हणाली.

"कशाच्या जोरावर, ताई? हा म्हणतो ते खरं वाटतं मला. ऐका ना शेवट." तिने वाचलं. "करुणा ही पद्धत नव्हे. पाच दिवस हेच डोक्यात फिरतंय. मी त्या माणसाच्या घरी गेले होते, त्याच्या मुलीच्या हातचं जेवले. तिथेच वाहवले बहुतेक."

मी विचारलं, "त्या जागेच्या मुलाखतीचं काय?" माझाच आवाज मला परका वाटला.

"नाव मागे घेतलं. कायमच्या जागेवर बसून लोकांना पद्धत शिकवायची, आणि स्वतःला येत नाही?" मग ती जरा थांबून म्हणाली, "गंमत सांगू? जर्नल विचारतं ना, कुणाकडून तपासून घ्यावं, नावं सुचवा. मी तुमचं नाव दिलं होतं."

"माझं?"

"म्हटलं, विरोधात आहेत, पण चोख आहेत. दादांनी हो म्हटलं तर कुणाची टाप नाही नाकारायची. तुम्हाला विचारलंच नसेल त्यांनी. तुम्ही असतात तर असं लिहिलं नसतंत. झोडपलं असतंत, पण उभं करून झोडपलं असतंत."

मी उठून खिडकी उघडली. काय म्हणालो आठवत नाही. थंडी आत येतेय, असं शिवांगी डचमध्ये ओरडली.

अमृता गेल्यावर मंजूषाने भांडी आवरली, हात पुसले आणि समोर बसली.

"करुणा ही पद्धत नव्हे, हे तू शिवांगीच्या शाळेच्या प्रोजेक्टलाही ऐकवलं होतंस. कुत्र्यांच्या प्रोजेक्टला."

मी खिडकी लावायला उठलो.

"ठाऊक होतं ना तुला, की तिचं आहे?"

"नियमाप्रमाणे मला..."

"नियम सोड. ठाऊक होतं?"

"हो."

ती उठून शिवांगीच्या खोलीत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

२ एप्रिल, बुधवार

मी राजनबद्दल या वहीत लिहिलेलं नाही. कुणापाशीच फारसं बोलत नाही.

राजन माझा हॉस्टेलमधला रूममेट. मी परीक्षेला घाबरायचो आणि तो मला पहाटे उठवून गच्चीवर धावायला न्यायचा. सतरा वर्षांपूर्वी मंडईबाहेर तो कोथिंबिरीची जुडी घेत उभा होता. मृत सात, त्यातला तो एक. मी तेव्हा बँकेसाठी अहवाल लिहायचो. ते सोडून या अभ्यासात आलो ते त्याच्यासाठी. कुणीतरी मोजायला हवं होतं. 'हा शब्दच मुळात सत्तेचा आहे' असं कुणी म्हणालं की मला राजनची चप्पल आठवते, एकच सापडली होती. अमृता हे म्हणते तेव्हाही आठवते. पण तिला मी हे कधी सांगितलं नाही. तिच्यापुढे मी मुद्दे मांडत राहिलो.

आणि २०११ साली ते नाव रकान्यात टाइप केलं तेव्हा स्पेलिंग तीनदा तपासलं होतं. कुणीतरी सापडलं, याचं बरं वाटलं होतं.

७ एप्रिल, सोमवार

निकालपत्र काढलं. शोधावं लागलं नाही, माझ्याच संगणकावर आहे, २०१७ पासून. दोनशे बारा पानं. तारीख बघितली तर निकालानंतर चौथ्या दिवशी उतरवून घेतलं होतं आणि एकदाही उघडलेलं नाही. 'पुराव्याअभावी' एवढं बातमीत वाचलं होतं, तेवढं मला पुरलं होतं.

१२ एप्रिल, शनिवार

वाचून झालं. सुट्टी घेऊन वाचलं.

पुराव्याअभावी हा बातमीदाराचा शब्द. न्यायाधीशांनी लिहिलंय की स्फोटाच्या दिवशी तो माणूस तीनशे किलोमीटरवर होता, मुलीला टायफॉइड म्हणून सरकारी दवाखान्यात, रजिस्टरवर त्याची सही आहे. ते रजिस्टर पहिल्याच महिन्यात पोलिसांना दिलं होतं. साडेआठ वर्षं ते कुणी कोर्टापुढे ठेवलं नाही. अमृताने हे सगळं लिहिलं होतं, तळटीप एकतीसमध्ये. त्या टिपेवर मी शेरा मारला होता: "अवांतर."

तळटीपा मी खरंच सगळ्या उघडल्या होत्या. हीसुद्धा. उघडून मी काय वाचलं?

२५ एप्रिल, शुक्रवार

संपादकांना पत्र लिहिलं. लेखक ओळखीचा असल्याचा संशय मला होता, मी कळवायला हवं होतं, अहवाल मागे घेऊ द्या. उत्तर तासाभरात आलं. निर्णय झालेला आहे, अहवाल मागे घेण्याची सोय नाही, लेखकाने अपील केलं तर विचार करू. आणि प्रामाणिकपणाबद्दल आभार.

तिने अपील केलेलं नाही. करणारही नाही. मुलाखती संपून ती जागा भरलीसुद्धा.

मंजूषा म्हणाली, "संपादकाला लिहिलंस. तिला कधी सांगणार?"

"सांगतो," म्हटलं. आठवड्यातून दोनदा असं म्हणतोय.

४ मे, रविवार

राजनच्या आईंना फोन केला. संगमनेरला असतात, एक्क्याऐंशीच्या आहेत. दर वर्षी तो गेला त्या तारखेला करतो, या वेळी आधीच केला. त्यांना सांगायचं कसं, याची दोन दिवस जुळवाजुळव करत होतो.

"काकू, तो पकडलेला माणूस... तो नव्हता हो."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"निकाल लागला तेव्हापासून. मी गेले होते ना कोर्टात. दुसरी जागा नव्हती म्हणून त्याच्या बायकोशेजारी बसले. पाणी दिलं तिनं मला."

"मग मला बोलला नाहीत?"

"तू दर वर्षी त्या माणसाचं नाव घेऊन तावातावाने बोलायचास, मोरू. म्हटलं, एवढ्या लांब राहतो, त्याच्या हाताशी तेवढंच आहे, तर राहू दे."

मी विचारलं, "मग राजनला कोणी मारलं?"

"ते कुणालाच माहीत नाही रे. जेवलास का?"

मी जेवलो होतो, पण नाही म्हणालो. मग त्यांनी काय शिजवायचं ते सांगितलं आणि मी ऐकत राहिलो. फोन ठेवल्यावर खूप रडलो. बायको-मुलीसमोर रडलो.

९ मे, शुक्रवार

नोंद ४११७ दुरुस्त केली. 'गुन्हेगार' या रकान्यातलं नाव काढलं आणि लिहिलं: अज्ञात.

दुरुस्तीच्या अर्जात कारण द्यावं लागतं. निकालपत्राचा क्रमांक टाकला. खाली शेवटचा रकाना आहे: चूक कोणी लक्षात आणून दिली? तिथे आम्ही बहुधा 'अंतर्गत तपासणी' लिहितो. मीही लिहिलं. कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

मग कॉफी घेऊन आलो आणि ते खोडून लिहिलं: अमृता खांबेटे, अप्रकाशित निबंध, तळटीप एकतीस. तो निबंध संपादकांखेरीज दोघांनीच वाचलाय. महिन्याची दुरुस्ती-यादी सगळ्या वापरणाऱ्यांना ईमेलने जाते, तिलाही जाते. तोंडाने सांगायला मला जमलं नाही, म्हणून हे असं. मंजूषाला सांगितलं तर ती म्हणाली, "तरी पण फोन कर." नाही केला.

१ जून, रविवार

यादी काल गेली. अमृताचा फोन नाही, मेसेज नाही. शिवांगीने विचारलं, "अमृतामावशी का येत नाही?" चक्क मराठीत विचारलं.

२१ जून, शनिवार

शेवटी मीच रॉटरडॅमला गेलो. भेटायला ये म्हणायचा मला अधिकार नव्हता, म्हणून तिच्या कचेरीखाली येतो म्हणालो. ती शनिवारीही कामावर होती. बंदरावर मजूर आणि ट्रकचालक पुरवणारी एक कंपनी आहे, तिथे लागली आहे. तीन आठवडे झाले. परमिटचा प्रश्न सुटला.

मास नदीकाठच्या बाकावर बसलो. वारा इतका, की कॉफीचा कप धरून ठेवावा लागत होता. मी सगळं सांगितलं, राजनसकट. तिने मधे एकदाही अडवलं नाही.

मग म्हणाली, "राजनबद्दल मला आधी सांगितलं असतंत, तर नोव्हेंबरमध्ये मी ते वाक्य बोलले नसते."

"वाक्य बरोबर होतं."

"असेल. तरी तुमच्या तोंडावर, दोनशे लोकांत बोलले नसते." तिने कप खाली ठेवला. "तुम्ही वादात मला हरवलं असतंत तर चाललं असतं, दादा. पण मला वाटलं, मीच कच्ची आहे. त्या अहवालावर नाव असतं ना, तर मी भांडले असते तुमच्याशी. नाव नव्हतं म्हणून विश्वास बसला."

मी माफी मागितली. ती "हो" म्हणाली. माफ केलं असं म्हणाली नाही.

"परत अर्ज कर. मी शिफारस लिहितो, मी जाहीरपणे सांगतो काय झालं ते."

"बघू. आता जरा दमले आहे." मग तिला विचारलं, काम काय असतं. ती समोरच्या बोटींकडे बघत म्हणाली, "बंदरात आत जाणाऱ्या माणसांची पार्श्वभूमी तपासते. दिवसाला ऐंशी नावं. कंपनीने चार डेटाबेस घेतलेत, त्यात तुमचाही आहे."

मी कपाचं झाकण दाबून बसवलं.

"पहिल्याच दिवशी मी तुमचं ४११७ उघडून बघितलं," ती म्हणाली. "तेव्हा यादी आलेली होती. अज्ञात लिहिलंय. बरं वाटलं. बाकीच्या नोंदींचं काय, दादा? किती आहेत अटकेच्या बातम्यांवरून घातलेल्या?"

"चार हजारांच्या वर."

"आणि मला एका नावाला दोन मिनिटं मिळतात. नाव डेटाबेसमध्ये सापडलं की लाल, नाही सापडलं की हिरवं. काल एका मोरोक्कन म्हाताऱ्याचं लाल आलं. खाली तुमच्या संस्थेचं नाव होतं. मी ते पुढे पाठवलं. तळटीप उघडायला वेळच नव्हता."

तिची मधली सुट्टी संपली होती. ती उठली, ओळखपत्र गळ्यात घातलं, आणि मी कोणत्या ट्रेनने परत जाणार ते विचारलं. मग ती दारातून आत गेली.